टॉन्सिलचं ऑपरेशन: कोल्ड डिसेक्शन की कोब्लेशन? मुलगा ६ वर्षांचा, मदत हवी आहे

निंबोणी
नमस्कार मंडळी, फोनवरून घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. लेक ६ वर्षांचा, पहिलीत. गेल्या जूनपासून सात वेळा घसा धरून ताप आलाय, अंदाजे नाही सांगत, कालनिर्णयवर लाल पेनाने खुणा करून ठेवल्यात. त्यात रात्री घोरतो, आजोबा बरे म्हणायची वेळ आलीय. त्याहून वाईट म्हणजे मध्येच घोरणं थांबतं, छाती वरखाली होत असते पण आवाजच नाही, मी अंधारात बसून मोजते, आठ-नऊपर्यंत आकडा जातो आणि मग एकदम दचकून श्वास घेतो, कुस बदलतो, पुन्हा सुरू. मान मागे टाकून झोपतो, सकाळी उशी लाळेने ओलीचिंब.

सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या इएनटींनी सांगितलं ग्रेड ३ टॉन्सिल म्हणजे बरेच मोठे, एडेनॉइड (नाकामागची गाठ) पण मोठे, दोन्ही काढू, ते कोल्ड डिसेक्शन करतात म्हणजे जुनी पद्धत, ३८ हजार. मग सेकंड ओपिनियन म्हणून कोल्हापूरला गेलो तिथे कोब्लेशन, ७२ हजार. डॉक्टर स्वतः कमीच बोलले पण बाहेरच्या काउंटरवरची बाई म्हणाली लेझरसारखंच आहे, रक्त नाही, दुखणं नाही, तिसऱ्या दिवशी शाळा. इन्शुरन्सवाले म्हणतायत तो वाँड (कोब्लेशनची कांडी) डिस्पोजेबल आहे, त्याचं बिल पास होईलच असं नाही.

घरात तर बघायलाच नको. नवरा म्हणतो पोराच्या बाबतीत पैसे बघायचे नाहीत, महाग तेच घेऊ. सासूबाई म्हणतात टॉन्सिल काढले की आवाज जातो आणि प्रतिकारशक्तीपण, हळद-मिठाच्या गुळण्या करा. (मुलगा गुळणी गिळतो, तो वेगळा विषय.) कोणी दोन्ही जवळून बघितलंय का? खरंच दुप्पट पैशाचा फरक असतो का?

खारीक
आमच्या लेकीचं कोब्लेशननेच झालं, ती ७ ची होती. तिसऱ्या दिवशी शाळा वगैरे काही नाही हो, चांगले नऊ-दहा दिवस घरी होती. पाचव्या दिवशी तर पहिल्या दिवसापेक्षा जास्त रडली. पण झालं व्यवस्थित.

सदोबा
माझं लहानपणी मिरजेत झालं, तेव्हा कसलं कोब्लेशन. डॉक्टरांनी बशीत काढून दाखवले होते, सोललेल्या खजुरासारखे दिसत होते, आईने तोंड फिरवलं. आवाज गेला नाही, उलट आरत्या मीच म्हणतो, शेजाऱ्यांना विचारा. माझं मत, मशीन बघू नका, हात बघा.

भूलथापा
निंबोणीताई, मी इएनटी नाही, भूलतज्ज्ञ आहे (आयडीवरून ओळखलं असेलच). टॉन्सिलच्या केसला पेशंटच्या डोक्याशी सर्जन बसतो आणि आम्हाला बाजूला सरकवतात, त्यामुळे सगळं बघत बसायला मिळतं.

कोल्डमध्ये टॉन्सिल चिमट्यात धरतात, वरचं आवरण कापतात आणि टॉन्सिलचं कवच खालच्या स्नायूपासून हळूहळू सोडवत खाली येतात, संत्र्याची साल काढल्यासारखं. शेवटी बुडाशी तारेचा फास घालून तोडतात. मग खळग्यात गॉज दाबून ठेवायचा, रक्तवाहिनी दिसली तर टाका बांधायचा किंवा बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) टिपायची. म्हणजे "कोल्ड" म्हणणारेसुद्धा बऱ्याचदा शेवटी थोडी कॉटरी, म्हणजे विजेने भाजणं, वापरतातच. पूर्ण कॉटरीने काढलं तर टेबलावर रक्त कमी जातं, पण तिथे उष्णता ४०० अंशांच्या वर जाते आणि नंतर दुखतं जास्त. कोब्लेशनमध्ये वाँडच्या टोकाशी सलाईनमधून रेडिओफ्रिक्वेन्सी सोडतात, प्लाझ्मा (रक्तातला नाही, विद्युतभारित कणांचा थर) तयार होतो आणि त्याने टिश्यू सुटतो, साधारण ४० ते ७० अंशांत. लेझर नाही ते, काउंटरवरच्या बाईंना सांगा. वाँड एकदाच वापरायचा असतो, तुमच्या बिलातला मोठा तुकडा तिथेच आहे.

आता रक्ताचं. टेबलावरचं रक्त आणि नंतरचं रक्त या दोन वेगळ्या गोष्टी, आणि आई-बापांनी घाबरायचं ते दुसऱ्याला. पहिले २४ तास एक धोका, मग साधारण ५ ते १० दिवसांत खपली सुटते तेव्हा दुसरा. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ ला जवळपास ३४ हजार ऑपरेशनांचं ऑडिट झालं, त्यात कॉटरी आणि कोब्लेशन दोन्हींत नंतरचं रक्त कोल्डपेक्षा जास्त निघालं. त्यावरून तिथल्या नाइस या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या सरकारी संस्थेने २००५ ला सर्जनना सावध केलं, नीट ट्रेनिंग घेऊनच वापरा म्हणून. तेव्हापासून वाँड बदलले, हातही बसले, त्यामुळे जुना आकडा आज जसाच्या तसा लावू नये. दुखण्याचं म्हणाल तर कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास पडताळणारी संस्था) २०१७ ला सगळे अभ्यास एकत्र बघितले: कोब्लेशनने पहिल्या दिवशी किंचित कमी दुखत असेल, सातव्या दिवशी जवळपास फरक नाही, आणि पुरावाही कच्चाच. "दुखणं नाही" हे काउंटरवरचं बोलणं.

पण मला वेगळीच शंका येतेय. तिसऱ्या दिवशी शाळा हे अती आहे, पण एवढं धाडसाने म्हणतायत म्हणजे ते पूर्ण टॉन्सिल काढत नसावेत. इंट्राकॅप्सुलर नावाचा प्रकार असतो, आतला गर काढतात आणि कवचाची पातळ कड स्नायूवर ठेवतात. स्नायू उघडा पडत नाही म्हणून दुखणं आणि रक्त दोन्ही कमी. तोटा असा की उरलेला भाग थोड्या मुलांत परत वाढतो. घोरणाऱ्या मुलांसाठी हा चांगला पर्याय, पण त्रास मुख्यतः वारंवार पू होण्याचा असेल तर बरेच सर्जन अजून पूर्णच काढतात. तेव्हा कुठलं मशीन हे नंतर, आधी दोघांना विचारा किती काढणार.

आणि दुसरं, त्या सात खुणांपैकी किती वेळा डॉक्टरांनी पू किंवा पांढरे ठिपके लिहिलेत? वर्षात ७, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा तीन वर्षं दरवर्षी ३ असा जो हिशोब लावतात तो नोंद झालेल्या घशाच्या आजाराचा असतो, सर्दी-खोकला त्यात धरत नाहीत.

निंबोणी
बाप रे, किती नीट सांगितलंत डॉक्टरताई. फाईल काढून बसले. सातपैकी तीनदाच पू लिहिलाय, बाकी चार वेळा नाक गळणं खोकला वगैरे, म्हणजे माझ्या लाल खुणा निम्म्या सर्दीच्याच होत्या. 🙈

दोघांना फोन केला. कोल्हापूरचे म्हणाले हो, आम्ही कड ठेवतो, घोरण्याच्या केसला पूर्ण काढत नाही. सांगलीचे म्हणाले मी पूर्णच काढतो, अर्धं काढायची मला सवय नाही. सरळ बोलले, मला आवडलं. म्हणजे आम्ही पंधरा दिवस ३८ आणि ७२ ची तुलना करत घरात भांडत होतो आणि ती दोन वेगळीच ऑपरेशनं होती!!

भूलथापा
अगदी तसंच होतं. तुमचं वर्णन बघता मुख्य त्रास श्वासाचा वाटतो, पण तपासून ठरवायचं ते सर्जनने. रात्री श्वास थांबतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, शर्ट वर करून छाती दिसेल असा, आणि सर्जनला आणि भूलवाल्यांना दोघांना दाखवा, अशा मुलांना पहिली रात्र मॉनिटरवर ठेवायची का ते त्यावर ठरतं. आणि कोल्हापूर केलंत तर सातव्या दिवशी रात्री दोनला रक्त आलं तर पन्नासेक किलोमीटर कसं जाणार ते आधी ठरवा. थुंकीत ताजं लाल दिसलं तर थोडंसंच आहे म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

सासूबाईंना सांगा, जिभेच्या मुळाशी आणि घशात तसाच टिश्यू भरपूर असतो, तो काम करतो. आवाज थोडे दिवस नाकातून आल्यासारखा वाटेल, एडेनॉइड गेल्यामुळे, मग बसतो जागेवर.

खारीक
रक्ताचं +१. औषध दुखल्यावर नाही, घड्याळ लावून द्या. आम्ही रात्रीचा डोस चुकवला आणि सकाळी ती पाणीसुद्धा पिईना.

भूलथापा
हो, आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन जे लिहून देतील तेच, त्याच मापात. अॅस्पिरिन नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं जुनं औषध घरात असेल तर ते १२ वर्षांखाली अजिबात नको, ऑपरेशननंतर तर नाहीच.

निंबोणी
अपडेट: कोल्हापूरलाच केलं, आज सहावा दिवस. आत्याकडे राहिलोय, हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटं. व्हिडिओ बघून त्यांनी पहिली रात्र बोटाला मॉनिटर लावून ठेवलं होतं. वाँडचे पैसे इन्शुरन्सने कापलेच.

काल टॉर्च मारून घसा बघितला तर दोन्हीकडे पांढरं, सासूबाईंनी फोनवर पू झाला म्हणून हाय खाल्ली, डॉक्टरांना फोटो पाठवला तर म्हणाले खपलीच आहे, ओली असते म्हणून पांढरी दिसते, खरवडू नका. काल रात्री कान दुखतो म्हणून रडला, कानात काहीच नाही, तेपण घशाचंच म्हणे, नस एकच. तोंडाला वास येतोय. लाळ गिळायची नाही म्हणून स्टीलची वाटी घेऊन फिरतो आणि आत्याच्या मांजराला दाखवतो.

रात्री मी सवयीने मोजायला बसले, मोजण्यासारखं काही सापडलं नाही. आईस्क्रीमला कंटाळलाय, गार सारभात खातोय, आज शिकरण मागतोय. चालेल का?

भूलथापा
चालेल. केळं नीट कुस्करा.