बुलहेड सिटीला राहायला जावं का? नदी आवडली, पण ड्रग्ज आणि चोऱ्यांचं वाचून पोटात गोळा आलाय

मंजिरी_एडिसनकर:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, समजून घ्या. नवरा फिजिकल थेरपिस्ट आहे, सध्या आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो आणि त्याला ॲरिझोनात बुलहेड सिटी म्हणून गाव आहे तिथली ऑफर आलीये. पगार बरा आहे, घरं इथल्या मानाने खूपच स्वस्त, मुलगा १४ वर्षांचा आहे, यावर्षी हायस्कूल सुरू होईल. फेब्रुवारीत चार दिवस बघून आलो. कोलोराडो नदी अगदी गावाला चिकटून वाहते, पलीकडच्या काठावर नेवाडातलं लाफलिन आणि तिथले कसिनो, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात, हात घातला तर बर्फ! चारी बाजूंनी उघडेबोडके डोंगर आणि मधे ही हिरवी नदी, मला खरंच फार आवडलं.

पण तिसऱ्या दिवशी दुकानात दाढीची ब्लेड घ्यायला गेलो तर ब्लेड, परफ्यूम, अगदी अंगाचा साबण पण काचेत कुलपात, बटण दाबून माणसाला बोलवायचं. बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या टायरजवळ ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पडला होता, त्यावर काळपट तपकिरी रेघा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. मुलानेच सांगितलं, आई हे फेंटानिल नावाचं ड्रग ओढल्याचं असतं. त्याला कसं माहीत तर म्हणे शाळेत दाखवलंय. मला धस्स झालं. परत आल्यावर तिथल्या लोकांच्या ग्रुपवर वाचायला लागले तर रोज तेच, सायकल गेली, गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेला, ओढ्यात तंबू वाढले, गाव पूर्वीचं राहिलं नाही. नवरा म्हणतो लोक फेसबुकवर जास्तच लिहितात. तुमच्यापैकी कोणी तिथे राहिलंय का? वयात येणाऱ्या मुलाला घेऊन जाण्यासारखं गाव आहे का, खरं खरं सांगा.

सह्याद्री_७७:

ताई, नका जाऊ. मुलाचं हायस्कूल म्हणजे चार महत्त्वाची वर्षं. पैसे काय, कुठेही मिळतील.

रात्रपाळी:

मंजिरीताई, मी त्या भागात नर्स म्हणून सहा वर्षं काढलीत, बहुतेक सगळी इमर्जन्सीत आणि रात्रीची, त्यामुळे गावाची जी बाजू तुम्हाला काचेआडून दिसली ती मी स्ट्रेचरवर बघितलीये. तरी "नका जाऊ" असं मी म्हणणार नाही.

आधी तुम्ही वाचताय त्यातलं खरं काय ते. ड्रग्ज आहेत, भरपूर आहेत. मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक, तिथे जुनं आहे, फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल गुंगीचं औषध, नंतर आलं. निळ्या छोट्या गोळ्या असतात, एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० कोरलेलं, दिसायला हुबेहूब मेडिकलमधल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळ्यांसारख्या, लोक त्यांना ब्लूज म्हणतात. त्या कुठल्या कंपनीत बनत नाहीत, मेक्सिकोतून ॲरिझोनाच्या सीमेवरून येतात आणि कुठल्या गोळीत किती फेंटानिल पडलंय ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. २ मिलिग्रॅम जीव घ्यायला पुरतं, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढं.

आणि तिथला उन्हाळा. जून-जुलैत पारा ४८-४९ डिग्रीवर जातो, लाफलिनला १९९४ साली १२५ फॅरनहाइटची (जवळपास ५२ सेल्सिअस) नोंद झालीये. मेथ घेतलेल्या माणसाचं अंग आतून तापतं, त्यात बाहेरून हे ऊन. एका जुलैत दुपारी एक माणूस आणला होता, गोळीच्या गुंगीत डांबरी पार्किंगमध्ये आडवा पडला तो किती वेळ कोण जाणे. एका कुशीवर होता. त्या बाजूचा गाल, खांदा, मांडी, कातडी तव्याला चिकटलेल्या घावनासारखी सुटून आलेली. तो तिशीतला होता आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा त्याने कुत्रा कुठाय विचारलं. मी तेव्हापासून त्या लोकांना "जंकी" हा शब्द वापरत नाही आणि माझ्यासमोर कोणी वापरला तर मला राग येतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. मला सहा वर्षांत रात्री अकराला, पहाटे चारला एकटीने गाडीपर्यंत जाताना कोणी त्रास दिला नाही. चोऱ्या मात्र झाल्या. आमच्या भाड्याच्या घरामागचं एसीचं युनिट फोडून आतलं तांबं काढून नेलं, ऐन ऑगस्टमध्ये. तांब्याचे किती मिळाले असतील चोराला, आणि आम्ही मात्र नवं युनिट बसेपर्यंत आठ दिवस कसिनोच्या हॉटेलात. तिथे एसी बंद म्हणजे गैरसोय नाही, म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरच बेततं, आणि त्या गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप आहेत. त्यामुळे घर घेणार असाल तर युनिटला लोखंडी पिंजरा आहे का ते पहिलं बघा.

ओढ्यातल्या तंबूंबद्दल. त्या कोरड्या ओढ्यांना तिथे वॉश म्हणतात, वर्षभर वाळू आणि पावसाळी वादळ आलं की अर्ध्या तासात लोंढा. तिथे झोपणारा माणूस कोणाला घाबरवायला नाही झोपत, त्याला दुसरीकडून उठवलेलं असतं. मार्च २०२२ मध्ये तिथल्या पार्कात भुकेल्यांना शिजवलेलं जेवण वाटणाऱ्या ७८ वर्षांच्या आजींना पोलिसांनी अटक केली होती, शहराने तसा नियमच केला होता. नंतर त्यांच्यावरचा खटला सोडून दिला आणि आजींनी शहरावर फेडरल कोर्टात दावा लावला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. जेवण बंद केल्याने एक गोळी कमी झाली नाही.

जुना_डीलर_पत्त्यांचा:

मी लाफलिनला कसिनोत २०१४ पर्यंत होतो, राहायला बुलहेडलाच, चोवीस वर्षं. रात्रपाळीताईंनी लिहिलंय त्यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. मी फक्त "गाव पूर्वीचं राहिलं नाही" याबद्दल लिहितो कारण हे वाक्य मी १९९० पासून ऐकतोय.

पूर्वीचं म्हणजे कुठलं? डेव्हिस धरण बांधायला आलेल्या मजुरांच्या छावणीचं हे गाव. ज्या बैलाच्या डोक्यासारख्या खडकावरून नाव पडलं तो खडक धरणाच्या तलावात जवळजवळ बुडाला. मग १९६० च्या दशकात डॉन लाफलिन यांनी पलीकडे बंद पडलेलं मोटेल घेतलं आणि कसिनो वाढत गेले. पूल नव्हता तेव्हा कामगार आणि गिऱ्हाइकं होडीने नदी ओलांडायची, १९८७ ला डॉन लाफलिन यांनी स्वतःच्या पैशाने पूल बांधून दिला. तेव्हा काम मागाल तेवढं होतं. पलीकडे कोळशावरचं वीज केंद्र होतं, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या होत्या, ते २००५ च्या शेवटी बंद झालं. त्यानंतर २००८ ची मंदी, वेगासची गर्दी इकडे यायची बंद, घरं बँकांनी ओढून नेली. माझ्याच गल्लीत अकरा घरांपैकी चार रिकामी होती. रिकाम्या घरात कोण शिरतं ते सांगायला नको. आता उलट झालंय, कॅलिफोर्नियातून रिटायर्ड लोक येतात, रोख पैसे देऊन घरं घेतात, भाडी वाढली, आणि कसिनोत साफसफाई करणारी बाई जिथे भाड्याने राहायची ते ट्रेलर पार्क तिला परवडेना झालं. म्हणून ती गाडीत झोपते. नवीन आलेले तिला बघून पोलिसांना फोन करतात.

मेथचं म्हणाल तर नव्वदीत ते तिथेच, वाळवंटातल्या ट्रेलरमध्ये बनायचं, सर्दीच्या गोळ्यांमधून. २००६ च्या कायद्यानंतर त्या गोळ्या काउंटरमागे गेल्या, लायसन दाखवून सही करून घ्याव्या लागतात. घरगुती भट्ट्या संपत आल्या पण मेथ संपलं नाही, मेक्सिकोहून जास्त शुद्ध आणि जास्त स्वस्त यायला लागलं.

आणखी एक, बाहेरच्यांना कळत नाही. तीन राज्यांचा कोपरा आहे तो. गावात बुलहेडचे पोलिस, गावाबाहेर मोहावी काउंटीचा शेरीफ, पूल ओलांडला की वेगासचे मेट्रो पोलिस, दक्षिणेला फोर्ट मोहावी जमातीचे स्वतःचे पोलिस, नीडल्सला गेलात की कॅलिफोर्निया आणि सॅन बर्नार्डिनोचा शेरीफ. हिवाळ्यात पूल ओलांडला की घड्याळ पण एक तास मागे. विकणाऱ्याला पाच मिनिटांत राज्य बदलता येतं, पोलिसांना नाही. २००२ मध्ये मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात लाफलिनच्या हार्राज कसिनोमध्ये दोन टोळ्यांची मारामारी होऊन तीन जण मेले, त्या रात्री मी शेजारच्याच कसिनोत ड्युटीवर होतो, लोक चिप्स टेबलावर टाकून पळत होते. गावाला गुन्हे नवीन नाहीत. तरी माझ्या दोन्ही मुली तिथेच शिकल्या आणि आज मार्गी आहेत.

गोदाकाठची_आई:

मी अमेरिकेत नाही, नाशिकला असते, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. ताई, तुम्ही गाव बदलून मुलाला ड्रग्जपासून लांब ठेवाल असं वाटत असेल तर इथे बघा. ऑक्टोबर २०२३ ला आमच्या शेजारच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, कारखानाच सापडला, मुंबई पोलिसांनी येऊन पकडला. आम्ही त्या रस्त्याने जातो येतो. पत्तेवाले दादा सर्दीच्या गोळ्यांचं म्हणतायत, त्याच जातीचं एफेड्रिन २०१६ ला सोलापूरला टनाने सापडलं होतं. माझ्या बहिणीचा मुलगा कॉलेजला असताना एमडीत अडकला, घर चांगलं, आईवडील दोघं शिक्षक. सात महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, का, तर तो बारीक झाला ते सगळ्यांना जिममुळे वाटलं, आणि रात्री जागतो ते अभ्यासामुळे. वडिलांनी एकदा कपाट उघडून बघितलं आणि नंतर सहा महिने त्या मुलाशी बोलले नाहीत. ती चूक होती असं ते आता स्वतः सांगतात. आता बरा आहे तो. तुमच्या मुलाने फॉइल ओळखून तुम्हाला लगेच सांगितलं ना, मला तर ते वाचून हायसं वाटलं. एडिसनच्या शाळेत दाखवलं म्हणजे तिथेही आहेच की ते.

मंजिरी_एडिसनकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठच्या ताई, तुमचं वाचून रडू आलं. मी मुलाला तेव्हा "तुला कसं माहीत" असं जरा वरच्या पट्टीतच विचारलं होतं, काल त्याला सॉरी म्हटलं. रात्रपाळी ताई, अजून दोन विचारते. शाळेतल्या मुलांपर्यंत या गोळ्या पोचतात का? आणि तुम्ही मग तिथून का निघालात?

रात्रपाळी:

पोचतात. ओढ्यातल्या माणसाकडून नाही पोचत, फोनवरून पोचतात. स्नॅपचॅटवर कोणीतरी झेनॅक्स (चिंतेवरची गोळी) किंवा ॲडेरॉल (लक्ष एकाग्र व्हायची गोळी) म्हणून विकतं, मुलाला वाटतं परीक्षेपुरती एक, आणि आत फेंटानिल असतं. हे बुलहेडला होतं तसं एडिसनलाही होतं. मुलाला एवढंच पक्कं सांगून ठेवा की मेडिकलच्या बाटलीतून न आलेली गोळी कोणाकडूनही घ्यायची नाही, मित्राकडूनही नाही, आणि मित्र पडला तर पळायचं नाही, ९११ लावायचा. ॲरिझोनात ओव्हरडोससाठी फोन करणाऱ्याला स्वतःजवळ ड्रग्ज ठेवल्याबद्दल खटला भरत नाहीत, तसा कायदा २०१८ मध्ये झालाय. बरीच मुलं त्याच भीतीने फोन करत नाहीत आणि अर्धा तास वाया जातो. त्या अर्ध्या तासातली मुलं मी बघितलीत.

नारकॅनचा, म्हणजे फेंटानिलसारख्या ड्रगच्या ओव्हरडोसवर उतारा असलेल्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. घरात एक, गाडीत एक. पण उन्हाळ्यात गाडीत ठेवून जाऊ नका, तिथे बंद गाडी भट्टी होते, पर्समध्येच ठेवा. माणूस उठत नसेल, ओठ निळसर पडले असतील, घशातून घोरल्यासारखा आवाज येत असेल तर एका नाकपुडीत पूर्ण दाबायचा, दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहायचं. उठला की तो चिडेल, शिव्या देईल, ओकेल, त्याला जाऊ द्यायचं नाही कारण औषधाचा असर उतरला की श्वास परत थांबू शकतो.

आणि मी निघाले ते गावाला घाबरून नाही. सासूबाईंना पुण्यात बघायला कोणी नव्हतं. माझा लेक तिथे नदीवर पोहायला शिकला, सातवीत असताना रोज संध्याकाळी शेजारच्या आजोबांबरोबर धरणाखाली मासे धरायला जायचा. ते आजोबा व्हिएतनामला जाऊन आलेले, वीस वर्षांपूर्वी स्वतः मेथमधून बाहेर पडलेले, आणि माझ्या लेकाला त्यांनी ते सगळं गळ टाकता टाकता सांगितलं होतं, आमच्या आधी. जायचं ठरलं तर मला मेसेज करा, त्यांचा नंबर त्यांना विचारून देते, ते अजून त्याच गल्लीत आहेत.