किश (मैद्याच्या पारीत भाजी आणि अंडं-दूध घालून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) खालून कच्चं राहतंय, रविवारी मैत्रिणी येणार आहेत. मदत हवी आहे

टिळकवाडीकरीण (शुक्रवार, रात्री ९:४०)
दोनदा केलं, दोन्ही वेळा तळ कच्चा. वरून छान सोनेरी दिसतं, सुरी घातली की खाली ओला गोळा. रविवारी दुपारी कॉलेजच्या पाच मैत्रिणी येतायत, दोघी धारवाडहून. बारा वर्षांनी भेटतोय आणि किश करते म्हणून सांगून बसलेय. काय चुकतंय ते लवकर सांगा. दुसरं काही कर म्हणून सांगू नका.

गणेशपूर_रोड
ओव्हन कुठला? भांडं काचेचं की पत्र्याचं? आत काय घातलंत? काहीच लिहिलं नाहीत की ओ.

चिकोडीची_सून
अंड्याऐवजी बेसनाचं पातळ पीठ आणि कुस्करलेलं पनीर घाला. आमच्यात गुरुवारी अंडं चालत नाही, मी तसंच करते. छान होतं.

टिळकवाडीकरीण
अंडं सगळ्यांना चालतं. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), काचेचं भांडं. पालक, मशरूम, टोमॅटो, चीज. १८० अंशांवर ४० मिनिटं.

खानापूर_नाका
पारी आधी भाजून घेतली होती का?

टिळकवाडीकरीण
आधी म्हणजे? लाटून भांड्यात बसवली, भाजी पसरली, वर अंडं-दूध ओतलं.

खानापूर_नाका
मग तिथंच घोळ आहे. कच्च्या पारीवर पातळ मिश्रण ओतलं की मैदा ते पिऊन बसतो, मग कितीही वेळ ठेवा, भाजत नाही. पारी बसवून काट्यानं टोचे मारा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. वर बटर पेपर घालून त्यात कोरडा राजमा काठापर्यंत भरा, म्हणजे ती फुगत नाही आणि कडा खाली घसरत नाहीत. १९० वर १५ मिनिटं. राजमा-कागद काढून अजून ८-१० मिनिटं, तळ कोरडा दिसेपर्यंत. गरम असतानाच फेटलेल्या अंड्याचा हात फिरवा आणि दोन मिनिटं परत आत. भेगा बुजतात. तो राजमा नंतर शिजवायला घेऊ नका, डब्यात घालून पुढच्या वेळेला ठेवा.

गणेशपूर_रोड
आणि काचेचं भांडं सोडा. काच सावकाश तापते, फ्रीजमधून थेट गरम ओव्हनमध्ये गेली तर तडकते. पत्र्याचा टिन घ्या, खालची सळई चालू ठेवा.

आज्जीची_कढई
मोहन कशाचं घातलं? लोणी घातलं असेल तर पारी मऊच होणार. करंजीला घालतो तसं तूप घाला. माझी आई शहापूरच्या घरी चुलीवर करंज्या करायची, चार दिवस खुसखुशीत राहायच्या.

खानापूर_नाका
करंजी तळतात हो, हे भाजायचंय. नुसत्या तुपाची पारी लाटताना आणि कापताना भुगा होते. २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम गार लोणी, तीन-चार चमचे बर्फाचं पाणी, आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट.

आज्जीची_कढई
घरच्या लोण्यात ताकाचा अंश असतो, तो कुठं जातो? आमच्याकडं म्हशीच्या दुधाचं लोणी काढतात, हाताला पाणी लागतं. तूप म्हणतेय ते त्यासाठी.

खानापूर_नाका
हे मात्र खरं. घरचं लोणी असेल तर पाणी निम्मंच घाला.

टिळकवाडीकरीण
घरचंच लोणी होतं!! आणि पाणी मी अर्धी वाटी घातलं.

निपाणी_७७
मूळ किश फ्रान्समधल्या लॉरेन भागातलं. त्यात अंडी, साय आणि डुकराचं खारवलेलं मांस, चीज नसायचंच. नाव जर्मन 'कूखन'वरून आलं म्हणतात, म्हणजे केक. तोही आपल्या बेळगावसारखा सीमाभागच, फ्रान्स-जर्मनीत इकडून तिकडं गेलेला, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

चिकोडीची_सून
पाहुणे बेळगावात येतायत तर कुंदा आणि मांडे द्या की. मांड्याइतकी पातळ पारी कुठल्या ओव्हनमध्ये होत नाही.

टिळकवाडीकरीण
कुंदा आणलाय. प्रश्न किशचा आहे.

गणेशपूर_रोड
भाजी कच्ची घातलीत का?

टिळकवाडीकरीण
हो, चिरून.

गणेशपूर_रोड
मशरूम मोठ्या आचेवर सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. पालक वाफवून मुठीत घट्ट पिळा, वाटीभर पाणी निघेल. टोमॅटोच्या बिया काढा. तीन अंड्यांना दूध-साय मिळून २५० मिली. मिश्रण घातल्यावर १७० वर आणा, मधोमध थोडं थरथरत असतानाच बाहेर काढा. जास्त तापलं तर अंडं फाटून पाणी सोडतं.

खानापूर_नाका
पारी शनिवारी रात्रीच भाजून ठेवा, रविवारी वीज गेली तर अडायला नको.

टिळकवाडीकरीण (शनिवार, रात्री ११:१०)
पारी भाजून झाली. पत्र्याचा टिन शेजारच्या काकूंनी दिला. तळ वाजवला तर बिस्किटासारखा टक्क आवाज येतोय. एका बाजूला कड बोटभर तुटलीय, अंडं तिथून गळेल का?

खानापूर_नाका
उरलेली कच्ची पारी अंड्यानं चिकटवून दाबा, पाच मिनिटं भाजा. उद्या कापायच्या आधी वीस मिनिटं तरी निवू द्या, मैत्रिणी कितीही घाई करू देत.