इतिहास आहे, मग कादंबरी कशाला?

गुलामगिरीसारखा विषय इतिहासकारांवर सोडावा, कादंबरीने त्याची ‘गोष्ट’ करू नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटलं नाही. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनबाईंची ‘बिलव्हेड’ (१९८७) ही कादंबरी बघा. तिच्यामागे एक खरी घटना आहे. १८५६ साली अमेरिकेतल्या केंटकी या गुलामगिरीच्या राज्यातून ओहायो या गुलामगिरी नसलेल्या राज्यात पळून आलेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम बाईने, पकडणारे दाराशी येताच, पोटची मुलगी मारली. ती पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून. हे मॉरिसनबाईंना वर्तमानपत्राच्या एका जुन्या कात्रणात सापडलं, पण मार्गारेटचं चरित्र त्यांनी मुद्दाम फार खोदलं नाही. खऱ्या मार्गारेटला परत गुलामीत पाठवलं. कादंबरीतली आई सुटते, आणि मग मेलेली मुलगी घरात राहायला येते! (भूत म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी जरा धीर धरावा.) आईचा निवाडा बाई करत नाहीत. त्यांच्या मते तो अधिकार फक्त त्या मुलीचा.