माणसांविना सोलापुरात कोणते प्राणी तगतील?

वाचनकट्टा:
आमच्या कट्ट्यावरील मुले एक विनोदी चित्रकादंबरी रचत आहेत, जिच्यात सोलापुरातील सगळी माणसे एका रात्रीत नाहीशी होतात आणि मांजरी, शेळ्या, कुत्री व कोंबड्या शहराचा कारभार हाती घेतात. यांपैकी प्रत्यक्षात कोण तग धरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माळरानवासी:
मांजरी सहज तगतील, कारण शिकारीची वृत्ती त्यांनी कधी सोडलेलीच नाही. शेळ्या बाभळीच्या पाल्यावर जगतील, मात्र माळावरचे लांडगे त्यांच्यावर लक्ष ठेवून असतील. ब्रॉयलर कोंबड्यांचे खरोखरच अवघड आहे. मांसासाठी झपाट्याने वाढवल्या जाणाऱ्या त्या पक्ष्यांना स्वतःचे वजनही धड पेलवत नाही. कुत्र्यांविषयी सांगायचे तर, १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर युक्रेनमधील चेर्नोबिलमधून माणसांना हलवण्यात आले, तेव्हा मागे राहिलेल्या पाळीव कुत्र्यांचे वंशज आजही तेथे आहेत, परंतु तेथील कामगार त्यांना खाऊ घालतात, त्यामुळे त्यांना पूर्ण स्वावलंबी म्हणता येणार नाही.

चित्रकथाप्रेमी:
चिमणीला विसरू नका. माणसांच्या वस्तीला चिकटून राहणारा हा पक्षी भुसार बाजार बंद पडल्याची तक्रार घेऊन सभेत उभा राहिला आणि कुत्री मात्र सोलापुरी चादरींच्या वाटपावरच भांडत बसली, तर प्रसंग रंगेल. भाषणे आखूड ठेवावीत. कोंबडा उपदेश करू लागला की मुले पान उलटतात.

वाचनकट्टा:
आभारी आहोत. ब्रॉयलर कोंबडीसाठी मुलांनी बैलगाडी मंजूर केली आहे; बैलाची संमती अद्याप मिळालेली नाही.