फलकावरची सुलोचना

अ-३०२ : सचिवसाहेब, रविवारच्या मूकपटांच्या कार्यक्रमासाठी जिन्यापाशी लावलेल्या फलकावर ‘सुलोचना’ या नावाखाली, डोक्यावर पदर घेतलेल्या आपल्या सुलोचनादीदींचे छायाचित्र चिकटवले आहे. मूकपटांतील सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, हे मी बैठकीत दोनदा सांगितले होते. अर्थात माझे बोलणे इतिवृत्तात उतरते कुठे म्हणा!

सचिव : काका, छायाचित्राची चूक मान्य आहे. मजकूर मात्र आपणच दिलेला होता.

ब-१०४ : त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. मजकुरात पुण्याचा उल्लेख का नाही?

क-२०१ : पुण्याचे नंतर पाहू. बगदादी ज्यू घरातली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती आणि कोहिनूर या चित्रपट कंपनीच्या मोहन भवनानींनी चित्रपटात काम करशील का असे विचारले, तेव्हा तिने आधी नकारच दिला होता. जिची भाकरी आवाजावर चालत होती, ती पडद्यावर मुकी राहून सर्वांत मोठी तारका झाली, आणि १९३१ मध्ये पडदा बोलू लागल्यावर मात्र हिंदुस्तानी शिकण्यासाठी तिलाच थांबावे लागले. काका, आपल्या मजकुरात तिच्या मोटारीवर चार ओळी आहेत आणि यावर एकही नाही.

अ-३०२ : वहिनी, जागा मर्यादित होती.

खजिनदार : तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता म्हणतात. आपल्याकडे कार्यक्रमाची वर्गणीसुद्धा अद्याप पूर्ण जमलेली नाही, याची नम्र आठवण.

ब-१०४ : पुण्याचा उल्लेख का नाही, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

अ-५०३ : १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने एकटीने आठ भूमिका केल्या होत्या, त्यांत पोलीस आणि माळीसुद्धा होता. आपल्या समितीत एकच गृहस्थ तीन पदे सांभाळतात, त्यामुळे सभासदांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

सचिव : टोमणा पोहोचला. पदे सोडण्यास मी केव्हाही तयार आहे. इच्छुकांनी लेखी कळवावे.

क-२०१ : लेखी कोणी कळवणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फलक नव्याने करणारच असाल, तर ‘अनारकली’चे तेवढे घ्या. १९२८ च्या मूकपटात ती अनारकली होती, १९३५ च्या बोलपटात पुन्हा अनारकली, आणि १९५३ मध्ये त्याच कथेत जोधाबाई, म्हणजे सलीमची आई. पंचवीस वर्षांत ती स्वतःच्याच भूमिकेची सासू होऊन बसली, तीही लग्न न झालेल्या सुनेची!

अ-३०२ : हे घ्यायला हरकत नाही. शेवटी १९७३ चा फाळके पुरस्कारही घालावा, म्हणजे पुरस्कार मिळेपर्यंत तिला किती काळ वाट पाहावी लागली, ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

सचिव : उद्या सकाळी नवे छायाचित्र आणि सुधारित मजकूर लावला जाईल.

ब-१०४ : तोवर थांबणे मला योग्य वाटले नाही. ‘जन्म : पुणे’ असे मी स्वतः खाली जाऊन पेनाने लिहून आलो आहे.

अ-३०२ : आत्ताच पाहिले. ते आपण दीदींच्या छायाचित्राखाली लिहिले आहे, आणि दीदींचा जन्म खडकलाटचा.