दहा-पंधरा हजारांचे ऑन-इअर हेडफोन घ्यावेत का?

गंगापूररोडकर
माझं मत आधीच सांगून टाकतो. दहा हजारांच्या वर पैसे मोजायचे असतील तर ऑन-इअरच्या वाटेला जाऊच नये. ऑन-इअर म्हणजे कानावर टेकणारे. अख्खा कान आत घेणारे ते ओव्हर-इअर. कॉलेज रोडच्या दुकानात दोन मिनिटं डोक्याला लावले की सगळेच भारी वाटतात, कारण तिथे लावलेलं गाणंच धडाधड बासचं असतं. घरी आणून एखादा विलंबित ख्याल ऐका. ऑन-इअरचं कुशन कानाच्या वळ्यांवर टेकतं, त्यामुळे कुठे ना कुठे फट राहतेच, आणि फट राहिली की सगळ्यात आधी खालचे सूर गळतात. तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते, डग्गा मात्र कुणीतरी शेजारच्या खोलीत वाजवल्यासारखा. खात्री करायची असेल तर दोन्ही कप तळहाताने हलकेच दाबा, डग्गा लगेच जागेवर येतो. म्हणजे ड्रायव्हर, आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, चांगलाच आहे, पैसेही त्याचेच घेतलेत, पण माल कानापर्यंत पोचत नाही. हा दोष बैठकीचा आहे, जास्त पैसे टाकून तो जात नाही.

मांडववाला
काका, मग डीजे आणि शूटिंगवरचे साउंडवाले काय वेडे आहेत? सेनहायझरचा एचडी 25 हा 1988 सालापासून चालत आलाय आणि तो ऑन-इअरच आहे. केबल सोडून वजन 140 ग्रॅमच्या आसपास. मी कार्यक्रमांना साउंड करतो. समोर नाशिक ढोल सुरू असताना मिक्सरवर निवेदकाचा माईक तपासायचा म्हणजे काय असतं ते एकदा येऊन बघा. टिपरू पडलं की छातीत धडधडतं, आणि तरी त्या हेडफोनमध्ये मला माईकची शिट्टी नेमकी पकडता येते. तो घट्ट बसतो, म्हणून फट राहत नाही. एक कप फिरवून कानामागे सारता येतो, एका कानाने मांडव ऐकायचा, दुसऱ्याने मिक्सर. ओव्हर-इअरचे ते भलेमोठे कप घेऊन हे करून दाखवा.

चष्मिस_इंदिरानगर
दादा, घट्ट बसतो हेच तर आमचं दुखणं आहे! तुम्ही पाच मिनिटं लावणार, काढणार, गळ्यात अडकवणार. मी घरून काम करते, मीटिंगमागून मीटिंग. चष्म्याची काडी आणि हेडफोनचा कप यांच्यामध्ये कानाची वरची कड अक्षरशः चिमटीत सापडते. तासाभराने कान लाल. शिवाय काडीमुळे कुशन उचललं जातं, म्हणजे काकांची ती फट मला फुकटात मिळते. दुखणंही माझं आणि बास गेला तोही माझाच.
गंमत म्हणजे यावरचा तोडगा एका स्वस्तातल्या हेडफोनने काढलाय. कॉसचा पोर्टा प्रो 1984 सालचा. त्याला कानाच्या वर, कानशिलापाशी टेकणाऱ्या छोट्या फोमच्या गाद्या आहेत. बाजूची पट्टी सरकवली की दाब कानावरून निघून कानशिलावर जातो. महागड्या ऑन-इअरना चाळीस वर्षांत हे का सुचू नये? बहुतेक दिसायला बरं दिसत नाही म्हणून.

मांडववाला
ताई, पोर्टा प्रो उघडा आहे. तुम्ही काय ऐकताय ते शेजारच्यालाही ऐकू येतं. मांडवात तर शून्य उपयोग.

चष्मिस_इंदिरानगर
मी मांडवात बसत नाही हो. घरात चालतंय.

पंचवटी_पासधारक
मी रोज मुंबईला ये-जा करणारा. बहुतेक ऑन-इअरमध्ये बाहेरचा आवाज फारसा अडत नाही, हा मुद्दा कुणी काढला कसा नाही? मार्शलचा मेजर 5 घ्या, बीट्सचा सोलो 4 घ्या, दोन्हीत नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट आपोआप कमी करायची सोय, नाही. कसारा घाटातले बोगदे, त्यात चहावाला, त्यात पत्ते कुटणारी मंडळी. आपसूक व्हॉल्यूम वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. माझा तर जाण्यातच तो कोटा संपेल. पासधारकाने ओव्हर-इअर नाहीतर सरळ कानात घालायचे घ्यावेत. ऑन-इअर शांत खोलीसाठी.

सोल्डरवाला_मेनरोड
आवाजावर भांडा तुम्ही. माझ्याकडे येतात ते मेलेले हेडफोन, तेव्हा टिकाऊपणावर मी बोलतो.
पहिलं मरतं ते कुशन. वर मऊ चामड्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, पापुद्रा असतो. दमट हवा आणि घाम यांनी तो आतून सुटत जातो, मग काळे कपचे गालाला चिकटतात. कपाटात नुसते पडून राहिले तरी होतं. त्यात आपली माणसं डोक्याला खोबरेल लावून वर हेडफोन चढवतात! ऑन-इअर थेट कानावर, केसांवर बसतात, त्यामुळे तेल सगळं कुशन पितं. रोज वापरून झाले की कोरड्या सुती फडक्याने पुसा, एवढं जरी केलंत तरी फरक पडतो.
दुसरं, घडीचा सांधा. ऑन-इअर लहान म्हणून दुमडून खिशात, बॅगेत कोंबले जातात. मागच्या महिन्यात एक मुलगा नामांकित कंपनीचा महागडा पीस घेऊन आला. हेडबँडच्या आतली प्लॅस्टिकची जीभ तुटलेली, नखाएवढा तुकडा. कंपनीने त्याला सांगितलं, सुटा भाग मिळत नाही, नवीन घ्या. मी पितळेची पट्टी बसवून दिली. दिसतं वाईट, चालतंय.
म्हणून माझा प्रश्न एकच असतो: कुशन, केबल, हेडबँड सुटे मिळतात का? मांडववाल्या भाऊंचा एचडी 25 इथे जिंकतो. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलायला माझीही गरज लागत नाही.
वायरलेसमध्ये बॅटरी हा वेगळा खेळ. लिथियम सेल साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर उतरायला लागतो. मेजर 5 एका चार्जवर 100 तासांच्या वर चालतो म्हणतात. रोज दोन तास ऐकणाऱ्याला वर्षात सात-आठच वेळा चार्ज करावा लागेल, म्हणजे सेल चार्जिंगने मरणार नाही, वयाने मरेल. पण संपला की बदलता येतो का, हे घेण्याआधी विचारा. सोलो 4 ला निदान 3.5 मिलिमीटरची साधी हेडफोनची वायर लावता येते.

गंगापूररोडकर
सोल्डरवाल्यांचं म्हणणं पटलं, पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. टिकणारा आहे तो वायरवाला, घट्ट, कामाचा हेडफोन. घरी बसून गाणं ऐकणाऱ्याने तो का घ्यावा? तेवढ्याच पैशात सुटे भाग मिळणारे ओव्हर-इअरही येतात.

मांडववाला
घ्या की. मे महिन्यात दुपारी सातपूरला पत्र्याच्या शेडखाली ते घालून बसा. कान उकडून निघाले की कळवा.

गंगापूररोडकर
मे महिन्यात मी पंख्याखाली स्पीकर लावतो. हेडफोन पावसाळ्यापासून.

सोल्डरवाला_मेनरोड
पावसाळ्यात कुशन जपा, काका.

चष्मिस_इंदिरानगर
सोल्डरवाले दादा, चष्म्याच्या काडीजवळ कुशनला खाच पाडून देता का? वेल्वेटचं असेल तर चालेल ना?

सोल्डरवाला_मेनरोड
वेल्वेटच आणा, चामडं चिरलं की तिथूनच सुटत जातं. आतला फोम तेवढा कापतो, वरचं कापड अखंड ठेवतो. पण बास थोडा जाईल, नंतर भांडायला येऊ नका.