सल्ला हवा: गुलमर्गजवळ शांत मुक्काम. टंगमर्ग, बाबारेशी की वरच?

कोथरूडी_थंडोबा

मंडळी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सात रात्री. आम्ही दोघं आणि बारा वर्षांची मुलगी, तिघंही स्कीइंगमध्ये कोरी पाटी. सोबत बाबा, वय ६८, गुडघ्यांची तक्रार, स्की करणार नाहीत. त्यांना पुस्तक, ऊन, चहा आणि शांतता एवढंच हवंय. गुलमर्गची बडी हॉटेलं परवडत नाहीत. परवडतात त्यांच्या दारात दिवसभर घोडेवाले, स्लेजवाले आणि स्नोबाइकचा गोंगाट, असं ऐकून आहे. म्हणून खालच्या गावात होमस्टे घ्यावा असं चाललंय. टंगमर्ग तर १३ किमीवर, म्हणजे कोथरूडहून हडपसरला जाण्याइतकंच. जेवण शाकाहारी. रोज जा-ये जमेल का? आणि होमस्टेवाल्याला नेमकं काय विचारायचं?

पर्वती_पायथा

हडपसरचा हिशोब इथे लावू नका. टंगमर्ग साधारण २१५० मीटरवर, गुलमर्ग २६५० वर. म्हणजे त्या १३ किमीत ५०० मीटरचा घाट आहे, आणि फेब्रुवारीत तो बर्फाचा असतो. बर्फ पडलेला असला की श्रीनगरहून आणलेली साधी गाडी टंगमर्गलाच थांबते. पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच जाते, तीही स्थानिक टॅक्सीवाल्यांची.

सकाळचा हिशोब असा मांडा. घरातून स्टँडपर्यंत दहा मिनिटं. शेअर सुमो भरायची वाट, तिचा काही भरवसा नाही. घाट कोरडा असेल तर अर्धा-पाऊण तास, ताजा बर्फ असेल तर तास-सव्वा तास. वर उतरून स्कीचे बूट घालून उतारापर्यंत चालायला पंधरा मिनिटं, आणि त्या बुटांत चालणं म्हणजे पायात बादल्या बांधून चालणं. एकूण दोन तास धरा. परतीला तेवढेच, कारण साडेचार-पाचला सगळा गुलमर्ग एकदम खाली उतरतो. तेव्हा सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. शिकाऊ माणसाचे पाय तसेही चार तासांत जातात, त्यात रोजचे चार तास गाडीत.

तरी खालीच राहायचं असेल तर शेअर टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. एकच गाडीवाला सगळ्या दिवसांसाठी ठरवा, सकाळची वेळ पक्की करा, आणि बर्फ पडल्यावर दर तोच राहील का ते आधी बोलून घ्या.

डेक्कनवरची

मूळ गृहीतकच तपासायला हवं. गोंगाट गुलमर्गचा नाही, दिवसाच्या पर्यटकांचा आहे. श्रीनगरहून सकाळी येणारी आणि संध्याकाळी परतणारी गर्दी पाचनंतर गेली की गुलमर्गमध्ये पावलाखाली बर्फ दबल्याचा आवाज तेवढा राहतो. उलट टंगमर्ग हे बाजारपेठेचं गाव. सगळी वाहतूक तिथूनच वर चढते, त्यामुळे हॉर्न, साखळ्या चढवतानाचा खणखणाट, दलालांची हाकाटी सकाळी सातपासून. टंगमर्गच्या मुख्य रस्त्यावर खोली घेणं म्हणजे शांततेसाठी स्वारगेट स्टँडसमोर राहणं.

शांतता गावाच्या नावात नसते, खोलीच्या तोंडात असते. वर राहायचं तर गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) स्टेशन आणि टॅक्सी स्टँड या दोन्हींपासून लांबची बाजू बघा. गुलमर्ग वाटीसारखं आहे, मधल्या सपाटीच्या कडेने हॉटेलं विखुरलेली आहेत. नवशिक्यांचे उतार त्या वाटीतच, छोट्या ओढलिफ्टवर, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला दोरीने वर ओढणाऱ्या लिफ्टवर. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला गोंडोलाची गरजच नाही, मग त्याच्या शेजारी राहायचे जादा पैसे कशाला?

आणखी एक. बुकिंगच्या साइटवर टंगमर्गची बरीच ठिकाणं ‘गुलमर्ग’ म्हणून चढवलेली असतात. मालकाकडून लाइव्ह लोकेशन मागवा आणि नकाशात उंची बघा. २१५० च्या आसपास दिसली की समजून जा.

हमामप्रेमी

होमस्टे कुठल्याही गावातला असो, तीन गोष्टी तपासा: ऊब, पाणी, आवाज. बाकी सजावट.

ऊब. ‘हीटर आहे’ या उत्तराला काही अर्थ नाही. हीटर २००० वॉटचा, आणि बर्फ पडला की वीज जाते किंवा व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टर तो हीटर ओढत नाही. इलेक्ट्रिक ब्लँकेट शंभर-दीडशे वॉटचं, ते मात्र इन्व्हर्टरवर निभतं. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘रात्री वीज गेली तर या खोलीत ऊब कशाने राहील?’

उत्तर बुखारी, म्हणजे धुराडं असलेली पत्र्याची लाकडी शेगडी, असेल तर धुराडं छपराबाहेर नीट गेलंय का ते बघा, सांधे सैल नकोत. झोपण्याआधी ती विझू द्या, खिडकीची फट उघडी ठेवा. कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपणं तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि काश्मीरमध्ये हिवाळ्यात त्यामुळे माणसं दगावतात. बॅटरीवरचा छोटा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो पुण्याहूनच घेऊन जा.

हमाम असेल तर उत्तम. जमीन दगडी फरशांची, खाली पोकळी, लाकडं बाहेरच्या तोंडातून पेटवतात. धूर खोलीत येत नाही. त्यातच तांब्याची टाकी बसवलेली असते, गरम पाणी तिच्यातून. एकदा तापलेला दगड रात्रभर ऊब धरतो. पण हमाम बहुधा घरातल्या एकाच खोलीत, बैठकीच्या, असतो. तेव्हा ‘हमाम आहे का’ एवढं विचारून थांबू नका. कुठल्या खोलीत, रोज पेटवता की पाहुणे वाढले तरच, आणि दिवसभर तिथे बसलं तर चालेल का, हेही विचारा. तुमच्या बाबांसाठी हीच खोली सगळ्यात मोलाची. फक्त बैठक जमिनीवरची असते. गुडघ्यांचं बघता एक खुर्ची आणि खोलीला लागून कमोड, दोन्ही आधी कबूल करून घ्या.

पाणी. रात्री पाइप गोठतात. नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगितलं तर तो घरमालकाचा हलगर्जीपणा नव्हे, शहाणपणा आहे. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. शॉवरचा हट्ट सोडा, बादली मागा.

आवाज. यात तीन चोर आहेत. पहिला जनरेटर: कुठल्या भिंतीला आहे आणि किती वाजेपर्यंत चालतो? दुसरा लाकडी तक्तपोशी: वरच्या मजल्यावर कुणी स्कीचे बूट घालून चाललं की तुमच्या डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाटतं. शक्यतो वरचा मजला घ्या, पण बाबांच्या जिन्याचा विचार करून. तिसरा पत्र्याचं उतरतं छप्पर: साठलेला बर्फ ऊब लागली की एकदम घसरतो, धडाम. सवय नसेल तर मध्यरात्री दचकून उठाल. दिवसा त्या छपराच्या कडेखाली खुर्ची टाकून ऊन खात बसू नये, हे बाबांना आवर्जून सांगा. त्या लोटाचं वजन थट्टा नाही.

फोटोंवर जाऊ नका. संध्याकाळी आठ वाजता काढलेला एक सलग व्हिडिओ मागवा: पलंगापासून निघून, जिना उतरून, मुख्य रस्त्यापर्यंत, मध्ये न थांबता. रस्ता किती लांब, वाट किती निसरडी, जनरेटर किती बोंबलतो, सगळं त्या दोन मिनिटांत कळतं.

सदाशिव_पेठी_पाहुणा

वरच्याला +१. शाकाहारी जेवणाबद्दल: हाख म्हणजे पालेभाजी, नदरू म्हणजे कमळकाकडी, राजमा, दम आलू, भात. चार दिवस मजेत जातात. पण ‘व्हेज मिळेल’ आणि ‘भांडी वेगळी’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा. उगाच तिथे जाऊन तोंड वाकडं करू नये. थालीपीठाची भाजणी न्या, तवा ते देतात.

लाकडी_पूल

बाबारेशीचं कुणी बोलतच नाहीये. जंगलाच्या कडेचं गाव, दर्गा, देवदार, टंगमर्गच्या बाजारापासून बाजूला. वर बर्फ चांगला असेल तर गुलमर्गच्या कडेवरून झाडीतून स्की करत थेट गावात उतरता येतं. द्रंग या खालच्या गावालाही तसंच. संध्याकाळची टॅक्सी वाचते!

पर्वती_पायथा

लाकडी पूल, कोऱ्या पाटीला हा सल्ला देऊ नका. झाडीतला उतार म्हणजे तयार केलेला ट्रॅक नव्हे. झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खड्डे असतात, माणूस डोक्यावर आत गेला तर एकट्याला निघता येत नाही. ओढे अर्धवट झाकलेले असतात. खालच्या ५०० मीटरमध्ये बर्फ बऱ्याचदा कमी पडतो, पावसाने चिखल होतो, मग स्की खांद्यावर. हा उतार सराईतांनी, गाइडसोबत करायचा. वर अफरवट शिखराच्या बाजूला तर हिमस्खलनाचा धोका असतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू दगावले.

गाव म्हणून बाबारेशी छान आहे, वाद नाही. फक्त दर्ग्याच्या गर्दीचे दिवस मालकाला विचारून टाळा, आणि हिवाळ्यात वर जायला टंगमर्गवरून फिरूनच जायचं असं धरून वेळ मोजा. अंधार पडल्यावर जंगलाच्या कडेने पायी फिरू नका.

बाणेरचा_बर्फ

थोडं अवांतर. खालच्या गावात राहून वर स्की करायची कल्पना लोक स्वित्झर्लंडवरून उचलतात. झरमॅटमध्ये खाजगी गाड्यांना बंदी, खालच्या तेश गावात राहायचं, दर वीस मिनिटांनी ट्रेन, बारा मिनिटांत वर. तिथे खालचं गाव स्वस्तही पडतं आणि सोयीचंही. आपल्याकडे त्या ट्रेनच्या जागी सुमो आहे, आणि ती भरल्याशिवाय निघत नाही. आयडिया चांगली, डबा वेगळा.

डेक्कनवरची

सामानाचं राहिलं. स्की भाड्याने वरच घ्या आणि रात्री दुकानातच ठेवा, रोज टपावर बांधून खाली आणू नका. बूट मात्र मुक्कामाला न्या. थंड दुकानात रात्रभर राहिलेलं बुटाचं प्लास्टिक सकाळी इतकं कडक होतं की पाय आत जात नाही. खोलीत आल्यावर बुटातलं आतलं अस्तर बाहेर काढा, बुखारीपासून हातभर लांब टांगा. बुखारीवर ठेवलं तर ते आकसतं आणि भरपाई तुमच्या खिशातून. मोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय आवळतो आणि जास्तच गार पडतो.

बाबांना गोंडोलातून कोंगडोरीपर्यंत, म्हणजे पहिल्या टप्प्यापर्यंत, न्यायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा. ते नावावर असतं, ओळखपत्र लागतं. दुसरा टप्पा ३९०० मीटरच्या वर जातो, तो त्यांच्यासाठी सोडा. वारा सुटला की तो टप्पा तसाही बंद होतो.

सिमकार्ड: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही. चौघांत दोन तरी पोस्टपेड असू द्या, वेगवेगळ्या कंपन्यांची.

हमामप्रेमी

तारखांबद्दल. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गला होतात, तेव्हा खोल्याही मिळत नाहीत आणि उतारही. तारखा बर्फावर हलतात: २०२४ ला फेब्रुवारीच्या शेवटी गेल्या, २०२५ ला मार्चमध्ये. त्यामुळे बुकिंग पैसे परत मिळतील असंच करा. जानेवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला होता, म्हणून बर्फ असेलच असं गृहीत धरून सगळे पैसे आधी भरणं म्हणजे जुगार.

शेवटची रात्र श्रीनगरला. घाट बंद झाला तर विमान तुमची वाट बघत नाही. श्रीनगर विमानतळावर तपासण्या अनेक, तीन तास आधी पोचा. बर्फाने विमानं रद्द झाली तर जून २०२५ मध्ये सुरू झालेली श्रीनगरची वंदे भारत रेल्वे हा पर्याय आहे. जम्मूहून पुढे पुण्यापर्यंत आपली झेलम एक्सप्रेस, पण तिच्यात दोन रात्री काढायची तयारी ठेवा.

कोथरूडी_थंडोबा

सगळ्यांचे आभार, डोळे उघडले. आता असा बेत आहे: पहिल्या दोन रात्री बाबारेशीला होमस्टे, बर्फाशी ओळख आणि आराम. मग चार रात्री वर, गोंडोलापासून लांबच्या बाजूला साधं हॉटेल. शेवटची श्रीनगर. होमस्टेवाल्याने व्हिडिओ पाठवला. तळमजल्याची खोली, कमोड आहे, हमाम शेजारच्याच खोलीत. रस्त्यापर्यंत साधारण शंभर पावलं, त्यात सात-आठ दगडी पायऱ्या. मागे सतत घरघर ऐकू येतेय. तो म्हणतो ‘जनरेटर है, दस बजे बंद’. हॉटेलवाला मात्र खोली कुठली ते सांगत नाही, म्हणतो आल्यावर बघू.

हमामप्रेमी

होमस्टे ठीक वाटतोय. पायऱ्यांवर मीठ किंवा राख टाकणार का विचारा, आणि बाबांच्या बुटांना लावायच्या रबरी काट्यांच्या पट्ट्या पुण्याहून घ्या. टंगमर्गला गमबूट भाड्याने मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही. घरघर व्हिडिओत सुरुवातीपासून आहे की खोलीबाहेर आल्यावर वाढते, ते हेडफोन लावून ऐका. पलंगापाशीच तेवढी असेल तर भिंतीपलीकडेच जनरेटर आहे. मग दुसऱ्या टोकाची खोली मागा, हमामपर्यंत चार पावलं जास्त पडली तरी चालेल.

हॉटेलचं ‘आल्यावर बघू’ मान्य करू नका. खोली क्रमांक, मजला, खिडकी कुठल्या बाजूला, आणि ‘रात्री वीज गेल्यास खोलीत ऊब कशाने’ या चारही गोष्टींचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी येईपर्यंत आगाऊ रक्कम एका रात्रीच्या वर देऊ नका.